निटुरे सर ऐकतात

निटुरे सरांनी मुलाखतीत मला एकच प्रश्न विचारला, आणि माझं उत्तर संपल्यावरही ते ऐकत राहिले.

प्रश्न साधा होता. नांदेड सोडून लातूरला का आलात? मी सांगितलं, की नांदेडलाच, विष्णुपुरीला, वडिलांचं घर आहे, एम.एस्सी. झालंय, आणि केमिस्ट्रीच्या माणसाला सध्या लातूरइतकी मागणी दुसरीकडं कुठं नाही. एवढं बोलून मी थांबले. सरांचं ऐकणं काही थांबलं नाही. मान डावीकडं किंचित कललेली, नजर माझ्या हनुवटीवर, ओठ मिटलेले. वर पंखा कुरकुरत होता. मला वाटलं, आपलं काहीतरी सांगायचं राहिलं असणार. म्हणून मी भावजयीशी पटत नसल्याचं सांगितलं. तरी ते ऐकतच होते. शेवटी, ठरलेलं लग्न मोडल्यापासून नांदेडच्या ओळखीच्या गल्ल्यांतून चालणं नको वाटतं, हे आईलाही न बोललेलं वाक्य मी त्या परक्या माणसापुढं बोलून गेले.

तेव्हा कुठं त्यांची मान सरळ झाली.

"हां, आता ऐकू आलं," ते म्हणाले. "सोमवारपासून या."

भूकंपाला तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली होती. लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले होते. इस्लापूर, किनवट, देगलूर, उदगीर, कुठून कुठून पोरं ट्रंका घेऊन उतरायची. आमचा क्लास तीन मजली होता आणि निटुरे सर त्याचे व्यवस्थापक. शिकवणारे आम्ही सगळे पदव्यांची शेपटी लावलेले, आणि हा गृहस्थ जेमतेम मॅट्रिक. पूर्वी बांधकामावर मुकादम होते. आमची इमारत त्यांनीच उभी करून घेतली. मजूर कसे हाताळतात ते बघून संचालकांनी त्यांना तिथंच ठेवून घेतलं, आणि वर्षभरात पोरांसकट सगळे त्यांना सर म्हणायला लागले.

त्यांच्या त्या ऐकण्याला सगळा स्टाफ टरकून होता. "कसं चालू हाय?" एवढं विचारून ते समोर उभे राहायचे. माणूस म्हणायचा, ठीक. सर उभेच. माणूस म्हणायचा, एकदम ठीक. सर उभेच. आमच्या ऑफिसातल्या गुंडाळे नावाच्या कारकुनानं अशा एका शांततेत, कुणी काही विचारलेलं नसताना, गेला आठवडाभर हजेरीपट आपण घरी बसून मनानंच भरत असल्याची कबुली दिली. सर रागावले नाहीत. "बरं झालं बोललात," म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडं गेले. गुंडाळे दुसऱ्या दिवसापासून त्यांना लांबून येताना बघितलं की संडासात जाऊन बसायला लागला.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी काही शब्दांवर बंदी घातली होती. "तिकडं", "तेवढं", "बघून घ्या", "करून टाका" हे आमच्या क्लासमध्ये कुणी म्हणायचं नाही. कुणी म्हणालं, की ते हातातलं काम खाली ठेवून विचारायचे, "तिकडं म्हंजे कुणीकडं?" मग सांगायचं, की जिन्याच्या पूर्वेला दुसरी खोली, खिडकीकडून पहिलं कपाट, खालून तिसरा कप्पा. आमचे फिजिक्सचे सर चिडून एकदा म्हणाले, की मला पश्चिमेकडच्या किटलीतला, उत्तरेला कान असलेल्या कपात चहा हवाय. निटुरे सरांनी अगदी तसाच चहा आणवला. विनोद त्यांच्या लक्षातही आला नाही.

सूचना दिली की ती आमच्याकडून परत वदवून घ्यायची, हाही नेम होता. "मी काय बोललो ते मला म्हाईत हाय. तुम्हाला काय ऐकू आलं ते सांगा." एकदा त्यांनी आम्हा तिघांना एका खोलीत सांगितलं, की रविवारची चाचणी पुढं ढकलली, सकाळच्या बॅचची आधी घ्या. तिघांनी परत सांगितलं तर तीन निरनिराळ्या चाचण्या निघाल्या. एकीला वार वेगळा, एकीला बॅच वेगळी, आणि माझ्या चाचणीला तर विषयच वेगळा. आम्ही खजील झालो. सरांच्या कपाळावर मात्र घाम होता. एका चाचणीसाठी माणसाला एवढा घाम यावा, हे मला त्या दिवशी चमत्कारिक वाटलं.

आणि भिंती. कुठल्याही खोलीत बैठक सुरू करण्याआधी ते बोटाच्या पेरानं भिंतीवर तीनदा टकटक करायचे आणि कान लावून उभे राहायचे. इमारत स्वतः बांधून घेतलेली, तेव्हा गिलावा पोकळ झालाय का बघत असतील, असं आम्ही धरून चालायचो. पण हमीद मामू, आमचे दारावरचे म्हातारे पहारेकरी, त्यांचं मत वेगळं होतं. ते मला एकदा हळूच म्हणाले, "साब अच्छे आदमी हैं मॅडम, मगर दिवाराँ से बाताँ करते. और बात करके रुकते. जवाब आने तक रुकते." मी हसले. मामू हसले नाहीत.

मी रुजू झाल्याच्या दुसऱ्या वर्षी संचालकांनी पुण्याहून एक प्रशिक्षक बोलावला. विषय होता नेतृत्व आणि संवादकौशल्य. गोरापान, टाय लावलेला, तिशीतला माणूस. विभागप्रमुखांनी हाताखालच्या लोकांशी कसं बोलावं हे तो दोन दिवस शिकवणार होता. डोळ्यांत बघून बोला, हात मोकळे ठेवा, आधी कौतुक करा, मग चूक सांगा, मग पुन्हा कौतुक करा. गुंडाळेनं ते वहीत उतरवून घेतलं आणि दुपारी मला म्हणाला, की मॅडम, तुमची साडी छान आहे, तुमचे गुण-तक्ते चुकलेत, तुमची पर्सही छान आहे.

निटुरे सर मागच्या बाकावर बसून ऐकत होते. प्रशिक्षकानं विचारलं, सर, काही शंका? सरांनी मान कलती केली. प्रशिक्षक वाट बघत राहिला, सर ऐकत राहिले, आणि थोड्या वेळानं तो पोरगेला माणूस स्वतःहूनच सांगायला लागला, की खरं म्हणजे आपण कुठल्याच ऑफिसात काम केलेलं नाही. मग घाईघाईनं त्यानं पुढचा खेळ काढला.

खेळ असा, की जोडीतल्या एकाच्या डोळ्यांवर पट्टी, दुसऱ्यानं हात न लावता नुसतं बोलून त्याला खुर्च्यांमधून पलीकडं न्यायचं. माझी जोडी निटुरे सरांशी लागली. ते नको म्हणत होते. संचालकांनी आग्रह केला. माझे डोळे बांधले. आजूबाजूला नुसता गलका, डावीकडं हो, अगं सरळ, थांब थांब, खुर्च्या पडल्याचे आवाज, हशा. मी पाऊल उचलणार, तेवढ्यात माझ्या अगदी जवळून सरांचा आवाज आला. तो रोजचा आवाज नव्हता. खालच्या पट्टीतला, सावकाश.

"मी इथंच हाय. जात न्हाई कुठं. आधी श्वास घ्या. तोंडात माती गेली का?"

मला वाटलं ते गंमत करताहेत. मी नाही म्हणाले.

"उजवा हात हलतोय का? नुसती बोटं हलवा. जोर लावू नका. उजेड दिसतो का कुठून?"

मी खरंच बोटं हलवली. आजूबाजूचा हशा कमी होत गेला आणि मग थांबला. पट्टीच्या आत नुसता काळोख होता आणि त्या काळोखात तो आवाज. मला एकाएकी असं वाटलं, की माझ्या पायांवर काहीतरी जड आहे आणि आपण उभ्या नाही, आडव्या आहोत.

"दम धरा," आवाज म्हणाला. "वरून काढायलेत. मी बोलत ऱ्हातो, तुम्ही फकस्त हुंकार द्या."

मी हुंकार दिला. का दिला ते मला आजही सांगता येणार नाही. पट्टी मी स्वतःच ओढून काढली, तेव्हा सर गुडघ्यांवर बसलेले होते आणि त्यांचे दोन्ही तळवे फरशीवर टेकलेले होते. प्रशिक्षकाच्या हातातला खडू मोडून खाली पडला होता. सर उठले, धोतर झटकावं तसं त्यांनी पँटचे गुडघे झटकले, मला म्हणाले, "माफ करा मॅडम, खेळ समजला न्हाई मला," आणि बाहेर गेले. दुसऱ्या दिवशीचं प्रशिक्षण झालंच नाही. प्रशिक्षकाच्या पोटात दुखायला लागलं होतं.

त्यानंतर मी त्यांना जरा टाळूच लागले. त्या हिवाळ्यात मात्र ती दुपार आली.

लातुरात तेव्हा मधूनच जमिनीच्या पोटातून गडगड व्हायची. कुणी म्हणायचं पाणी आटल्यामुळं, कुणी म्हणायचं पुन्हा तेच. त्या दुपारी मी तिसऱ्या मजल्यावर शिकवत होते. आधी खिडकीच्या काचा थरथरल्या. मग पायांखालून, कुणी लांबवर मोठं जातं फिरवावं तसा आवाज गेला. फळ्याच्या कडेवरचे खडू एकामागून एक खाली पडले. पोरं उभी राहिली, पण गप्प होती. तेवढ्यात संचालकांनी खालून माइक घेतला आणि ओरडायला सुरुवात केली, घाबरू नका, कुणी पळू नका, चेंगराचेंगरी करू नका. यात घाबरण्यासारखं, पळण्यासारखं आणि चेंगरण्यासारखं काही आहे, हे निम्म्या पोरांना माइकवरूनच कळलं. तिन्ही मजल्यांवरची पोरं एकदम त्या एका जिन्याकडं धावली.

मी दारापर्यंत लोटली गेले. समोर जिन्याच्या वळणावर पोरांचा गठ्ठा अडकला होता. किनवटकडची एक मुलगी कठड्यावर अर्धी बाहेर दाबली गेली होती, आणि मागून रेटा येतच होता. तेव्हा माइकवरचा आवाज बदलला.

"मी निटुरे बोलतोय. मी खाली, जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभा हाय."

पुढं काहीच नाही. तो थांबला. आणि इतकी पोरं, काय येतंय पुढं ते ऐकायला, थांबली. रेटा तेवढ्या क्षणापुरता सैल पडला. मी आणि शेजारच्या वर्गातल्या मॅडम, आम्ही दोघींनी त्या मुलीला आत ओढलं.

"सगळ्यात वरच्या मजल्यावरची पोरं, जिथं हायत तिथं खाली बसा. मॅडम, बसली का ते मला सांगा." मी ओरडून सांगितलं, बसली. "मधल्या मजल्यावरची पोरं, भिंतीला पाठ लावा." कुणीतरी ओरडलं, लावली. "आता जिन्यातली पोरं. एक हात कठड्यावर, दुसरा हात पुढच्याच्या खांद्यावर. पुढच्याला विचारा, निघायचं का. तो हो म्हणला तरच पाय टाका."

जिनाभर "निघायचं का", "हो" अशी कुजबुज सुरू झाली. खालून वर आणि वरून खाली. सगळी पोरं उतरली. एकाच्याही अंगाला ओरखडा नव्हता. मैदानात त्यांची मोजणी झाली, आणि मग माझ्या लक्षात आलं, की सर कुठं दिसत नाहीत.

मी वर गेले. रिकाम्या इमारतीत बाकांवर वह्या उघड्या पडल्या होत्या, पंखे फिरत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत सर भिंतीला कान लावून उभे होते. टकटक करायचे, थांबायचे. मग भिंतीशी, त्याच खालच्या आवाजात, म्हणाले, "झालं आता. सगळी निघाली. पोरगी एक आडकली होती, ती बी निघाली." आणि थांबले. मी दारात होते. त्या खोलीत आम्ही दोघंच होतो, पण खात्री देता का विचाराल, तर मी देणार नाही. मी पाय न वाजवता खाली आले.

महिन्याभरानं सरांनी काम सोडत असल्याचं सांगितलं. उजव्या कानाला ऐकू येईनासं झालं होतं, डावाही चालला होता. त्यांच्या जागी संचालकांनी मला नेमलं. चार दिवस त्यांनी मला सगळं काम समजावून दिलं, प्रत्येक गोष्ट माझ्याकडून परत वदवून घेतली. शेवटच्या दिवशी म्हणाले, रविवारी दुपारी औशाच्या पुढं एका जागी यायला लागतं, मला तुमचे कान पाहिजेत. मला नाही म्हणता आलं नाही. आईला फोनवर सांगितलं, की क्लासच्याच कामानं जातेय.

जीपनं फाट्यापर्यंत गेलो. नवं गाव रस्त्याच्या अलीकडं, सिमेंटच्या एकसारख्या घरांचं. सर तिकडं वळले नाहीत. पलीकडं, वेड्या बाभळींत, जुन्या गावाची जागा होती. दगडांचे ढीग, त्यांतून उगवलेली झाडं, एका चौकटीला अजून लागलेली कडी. दिवसाढवळ्या तिथं एक माणूस नव्हता. सर एका ढिगापाशी आले, चप्पल काढली आणि बसले.

तिथं त्यांनी मला सांगितलं. भूकंप झाला तेव्हा ते एका ठेकेदाराकडं रस्त्याच्या कामावर मुकादम होते, हाताखाली वीस-बावीस माणसं, मुक्काम इथून जवळच. उजाडायच्या आत ते माणसं घेऊन या गावात शिरले. हे गाव त्यांचं नव्हतं, ओळखीचं कुणी नव्हतं. या ढिगाखालून त्यांना एका बाईचा आवाज आला. त्यांनी दगडाला कान लावून तिच्याशी बोलायला सुरुवात केली. हात हलतोय का, उजेड दिसतो का, दम धरा. ती नीट बोलत होती. तिच्या बोलण्यावरून त्यांना कळलं, की ती भिंतीच्या अलीकडं आहे आणि भिंत तिच्या अंगावर कलली आहे. उन्हं वर आली तोवर वरचे दगड निघाले होते, आता भिंतीच्या फक्त एकाच बाजूनं उकरायचं राहिलं होतं.

"माणसं विचारायलती, मालक, कुठून काढू," सर म्हणाले. "मी दगडाला कान लावून बसलेला. वर न बघताच हात केला आन् म्हणलं, तिकडून काढा. बाराजणांना तिकडून पूर्व ऐकू आली. आठजणांना पश्चिम. दोन्हीकडून एकदम काढलं."

त्यांनी पायाशी पडलेला एक खडा उचलून ढिगावर ठेवला.

"भिंत बसली. माझ्या माणसांची चूक न्हाई. ते सांगितलं तसं वागले."

आवाज बंद झाला होता. पण जात नाही कुठं, असं ते तिला म्हणाले होते. म्हणून संध्याकाळी मिलिटरीची माणसं येईपर्यंत ते तिथंच दगडाशी बोलत बसले. माणसांनी ओढलं तरी उठले नाहीत. नाव काय हो तिचं, असं मी विचारलं. सर म्हणाले, विचारलंच नाही, सगळा वेळ कामाचं बोलण्यात गेला. त्या घरात तिघी बायका होत्या, बोलत होती ती कोणती, हे नंतर कुणालाच सांगता आलं नाही.

मग ते ढिगाकडं वळले आणि बोलायला लागले. ऑफिसात चार शब्दांच्या वर न जाणारा माणूस घरच्या माणसाशी बोलावं तसा बोलत होता. गुंडाळेला मुलगी झाली. हमीद मामूचा मोतीबिंदू काढला. क्लासच्या सहा पोरांना मेडिकलला नंबर लागला, त्यातला एक इथल्याच नव्या गावचा. ऊन कलत होतं. एका अर्ध्या भिंतीवर सरडा मान हलवत होता. मग सर म्हणाले, "ह्या आपल्या मॅडम. नांदेडच्या हायत. आता सगळं ह्याच बघतेत." मला नमस्कार करावा वाटला, मी केला.

त्यांनी मला खूण केली. मी पुढं होऊन दगडाला कान लावला. दगड उन्हानं तापलेला होता. मी बराच वेळ ऐकत राहिले. काय ऐकू आलं, असं सरांनी विचारलं. मी सांगितलं, लांब कुठंतरी तित्तर ओरडतोय, एक ट्रॅक्टर जातोय, आणि बाभळीतून वारं. आणखी? आणखी काही नाही.

"हाव," ते म्हणाले. "मला बी कधी आलं न्हाई."

फाट्याकडं परत येताना ते पुढं होते, मी मागं. जीप यायला वेळ होता. मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन मोठ्यानं विचारलं, की तिथं काही ऐकू येत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, मग माझे कान कशाला हवे होते?

सरांनी नजर रस्त्याकडं वळवली.

"कानाचं निमित्त हो," ते म्हणाले. "इतकी वर्षं एकटाच येत ऱ्हायलो. भ्या वाटतं तिथं. कुणाला सोबत चला म्हणावं, तर ते कसं म्हणायचं, तेच मला जमंना."